फोनच्या किमतीशेजारी डिस्प्लेची किंमतही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ॲपलच्या येऊ घातलेल्या घडीच्या फोनवर आपल्या दैनिकात महिन्याभरात चार वेळा मजकूर आला. मोजायचं कारण असं की माझ्या दुकानात पेपर येतो, तो माझ्याआधी गिऱ्हाईकं वाचतात आणि मग काउंटरवर वाद सुरू होतो. घडीची रेघ दिसणार की नाही, बिजागरी किती वर्षं टिकणार, किंमत दोन लाखांच्या आत की बाहेर. फोन अजून कुणी हातात धरलेला नाही, पण परवा चहाच्या पैजेवरून दोघं खरोखर भांडले.

बार्शीत स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा सोळावं वर्ष. दोन लाखांचा फोन आमच्याकडे किती जण घेणार, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सप्टेंबर जवळ आला की ‘आत्ता घेऊ की थांबू’ हा प्रश्न वीस हजारवाल्यालाही पडतो. थांबा म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. २०२४च्या सप्टेंबरात सोळावा आयफोन आला आणि ७९,९०० चा पंधरावा ६९,९०० वर आला. पुढच्या वर्षी सतरावा आला तेव्हा सोळाव्याचंही तेच झालं. एका महिन्याच्या धीराचे दहा हजार मिळत असतील तर कोण सोडेल?

गंमत पितृपक्षाची आहे. आमच्याकडे पितृपक्षात कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही. सोळावा आयफोन विक्रीला आला २० सप्टेंबर २०२४ ला आणि सतरावा १९ सप्टेंबर २०२५ ला. दोन्ही वेळा पितृपक्षच होता. तरी मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानासमोर पहाटेपासून रांगा, गेल्या वर्षी तर तिथं धक्काबुक्कीही झाली. यंदा अधिक महिन्यामुळे गणपतीच १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे तीही अडचण बहुधा नाही.

लोकांनी फोनची वाट पाहू नये, असं मी म्हणणार नाही. २०२१ साली याच काउंटरवर वेगळी वाट पाहणारे लोक होते. शाळा मोबाइलवर भरत होती, घरात दोन पोरं आणि फोन एक. जिओफोन नेक्स्ट गणेश चतुर्थीला, १० सप्टेंबरला येणार असं जाहीर झालं होतं. रोज कुणीतरी विचारून जायचं. मग चिपच्या टंचाईमुळे तो दिवाळीवर गेला आणि आला तेव्हा किंमत होती ६,४९९ रुपये. त्या फोनची घडी, रेघ, रंग कुणी विचारला नव्हता. हप्ता किती आणि बिघडला तर दुरुस्त होईल का, एवढंच विचारायचे. दुसरा प्रश्न मला आजही सगळ्यात शहाणा वाटतो.

घडीचा फोन म्हटलं की मला २०१९ चा सॅमसंगचा फोल्ड आठवतो. एप्रिलमध्ये यायचा होता. परीक्षणासाठी ज्यांना आधी दिला त्यांच्यातल्या काहींनी स्क्रीनवरचा पातळ पापुद्रा साधी स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला, आणि डिस्प्ले गेला. काहींचा न सोलताही गेला. कंपनीला तारीख पुढे ढकलावी लागली, डिझाइन सुधारून फोन सप्टेंबरात आला. भारतात ऑक्टोबरमध्ये आला, १,६४,९९९ रुपयांना. घडीच्या फोनचा जीव त्या आतल्या डिस्प्लेत असतो. तो फुटला तर काय पडेल, हे आपल्या चार लेखांत कुठंही नव्हतं.

आणि हे फक्त घडीच्या फोनचं नाही. गेल्या आठवड्यात वैरागकडचे एक शेतकरी आले. फोनची बॅटरी फुगून पाठ वर आलेली, तिला रबरबँड लावून ठेवलेलं. चौदा हजारांचा फोन, तीन वर्षं वापरलेला, बाकी ठणठणीत. बॅटरी काढायची म्हणजे आधी पाठीला गरम हवा द्यायची, मग पातळ पत्ती फिरवून गोंद सोडवायचा, आणि फुगलेल्या बॅटरीला पत्ती लागली तर धूर. अर्धा तास श्वास रोखून ते काम केलं. ते निघाले आणि दारातून परत आले, म्हणाले, “दादा, बँकेचं ॲप पण चालत नाय, तेवढं बघा की.” बघितलं. सिस्टीम जुनी झाली, नवी टाका, असं ॲप सांगत होतं. नवी सिस्टीम कंपनी त्या मॉडेलला देतच नाही. बॅटरी नवी, डिस्प्लेवर चरा नाही, आणि फोन बँकेच्या कामातून बाद. त्यांना काय सांगायचं ते मला कळेना. बॅटरीचे पैसे घेताना मला लाज वाटली.

खरं तर याबाबतीत जगात बरंच पुढे गेलंय. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सिस्टीम अपडेट उपलब्ध हवेत, सुटे भाग सात वर्षं मिळायला हवेत, आणि खोक्याबरोबरच्या लेबलवर फोन दुरुस्तीला किती सोपा याचा दर्जा अक्षरात छापायचा. फ्रान्समध्ये तर हा नियम येईपर्यंत, २०२१ पासूनच, दुरुस्तीच्या सोपेपणाला दहापैकी गुण द्यावे लागत. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून सात वर्षं अपडेटचं वचन दिलं, पण ते महागाच्या फोनला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. नंतर नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, की कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलचा दुरुस्ती निर्देशांक स्वतः जाहीर करावा आणि तो विक्रीच्या जागी ग्राहकाला दिसावा. माझ्या दुकानाच्या ओळीत नवे मोबाइल विकणारी पाच दुकानं आहेत. तिथं हप्त्याचे बोर्ड छातीएवढे आहेत, निर्देशांकाची चिठ्ठी मला एकाही डब्यावर दिसलेली नाही.

कुणी म्हणेल, दुरुस्तीवाला आपल्याच पोळीवर तूप ओढतोय. ओढतोच आहे. पण डिस्प्ले महाग असला की माझा धंदा वाढत नाही, उलट बुडतो. फोल्डर, म्हणजे काचेसकट आख्खा डिस्प्ले, फोनच्या निम्म्या किमतीला पडतं असं कळलं की गिऱ्हाईक फोन उचलतं आणि समोरच्या दुकानात झिरो डाऊन पेमेंटवर नवा घेतं. जुना घरच्या कपाटात, चार्जरांच्या गुंत्यात जातो.

म्हणून विनंती एवढीच. आपण नव्या फोनची बातमी जरूर द्या, लोक आवडीने वाचतात, मीही वाचतो. मात्र कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे जिथं छापता, त्याच चौकटीत तीन ओळी वाढवा: अपडेट किती वर्षं, कंपनीच्या सेंटरला डिस्प्ले केवढ्याला, बॅटरी केवढ्याला. कंपनीने उत्तर दिलं नाही तर ‘उत्तर दिलं नाही’ असं छापा. बार्शीतला दुकानदार विचारतो तेव्हा फोनवर गाणं वाजतं आणि लाइन तुटते. वर्तमानपत्राने विचारलं तर निदान गाणं तरी थांबेल.

पत्र लांबलं. आता काउंटरवर एका ताईंचा फोन उघडा पडलाय. फोल्डर पुण्याच्या तपकीर गल्लीत आहे का ते विचारलंय. मिळालं तर उद्या रात्रीच्या एसटीने पार्सल येईल. त्या दोनदा विचारून गेल्या, पोराचा परीक्षेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचाय. कार्ड काढून माझ्या जुन्या बटणाच्या फोनात घालून दिलंय तोवर.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला
बार्शी, जि. सोलापूर