मीटिंग कुठे भरते, एवढं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात रोज शहरातल्या कार्यक्रमांची चौकट असते. कीर्तन, रक्तदान शिबिर, कुस्तीचं मैदान, सगळं वेळ-ठिकाणासह. त्या चौकटीत आठवड्यातून एकदा एक ओळ वाढवावी, एवढं मागायला हे पत्र लिहितोय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा कोल्हापुरात कुठे आणि किती वाजता भरतात, ती ओळ.

मला ती सापडायला नऊ वर्षं लागली. मी उद्यमनगरात लेथवर काम करायचो. सकाळी हात इतके थरथरायचे की मायक्रोमीटर धरता यायचा नाही, म्हणून कामावर जायच्या आधीच क्वार्टर. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या, जोतिबाला नवस झाला. गळ्यात माळही घातली, ती तीन महिन्यांत खुंटीला गेली. बायकोनं कुणाच्या तरी सांगण्यावरून जेवणात कालवायची पूड आणली. तीत काय होतं ते आजही आम्हाला माहीत नाही. तिचा मला राग नाही, भिंतीभिंतीवर तेवढंच लिहिलेलं असतं: ‘न कळत दारू सोडवा’, खाली मोबाईल नंबर.

दोनदा दवाखान्यात भरती झालो. सलाईन, गोळ्या, झोप. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य होतं, पुढची तारीख होती. संध्याकाळी सात वाजता घशाला कोरड पडली की काय करायचं, हे त्यावर नव्हतं. डॉक्टरांनी जीव वाचवला, ते मी कधीच विसरणार नाही. पण ‘तुमच्यासारखी माणसं अमुक ठिकाणी जमतात’ हे एक वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं, तर पोराची दहावी मी शुद्धीत पाहिली असती.

पत्ता मिळाला तो तिसऱ्या खेपेला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला एक गृहस्थ रोज यायचे. जाताना त्यांनी केएमटी बसच्या तिकिटामागं लिहून दिलं: ‘मंगळवार, साडेसात. जिन्याखाली चपला दिसतील.’ मी त्या जिन्यावरून दोनदा पुढे गेलो. तिसऱ्यांदा चढलो. वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाची किटली, अकरा माणसं. साखर कारखान्यातले एक, एक मास्तर, एक पोरगा तर मिसरूड फुटलेला. एकजण सांगत होता, बाटली न्हाणीतल्या बंबामागं लपवायचो म्हणून. मीही तिथंच लपवायचो. हे मी जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं, आणि तो सगळ्यांसमोर सांगत होता, नी बाकीचे मान हलवत होते. त्या रात्री मी प्यायलो नाही. आज चार वर्षं झाली, तरी मोजतो तो आजचाच दिवस.

ही पद्धत १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात सुरू झाली, शेअरबाजारातल्या बिल नावाच्या माणसाकडून आणि डॉ. बॉब या सर्जनकडून. दोघेही पट्टीचे पिणारे. एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी मोकळेपणानं बोललं की दोघांचीही दारू लांब राहते, हे त्यांना उमगलं. तीच ही अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आमची ए.ए. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. चहा-भाड्यापुरतं सभासदच डब्यात टाकतात, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते.

अडचण इथंच आहे. पूड विकणारा भिंती रंगवतो; ए.ए.च्या परंपरेत मात्र स्वतःची जाहिरात करायची नाही असं ठरलेलं आहे. मग ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत हे पोचवणार कोण? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूमुळे मदतीची गरज असलेली माणसं देशात पाच कोटी सत्तर लाखांच्या घरात निघाली. त्यांत बायकाही आहेत. आमच्या गटात दोन वर्षांत एकच ताई आल्या. पुरुष निदान चौकात कुणाला विचारेल, बाईनं विचारायचं कुणाला? पेपरात वाचायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रोज पिणाऱ्यानं हे पत्र वाचून घरातच एकाएकी दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. आधी सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांना दाखवावं, दारू त्यांच्या देखरेखीखाली उतरवावी. मीटिंग त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन १४४४६ आहे, आणि मन फारच खचलं तर टेलिमानस १४४१६.

शहरातल्या डॉक्टरांनाही विनंती, डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली मीटिंगची वेळ लिहावी. गटांचं सध्याचं वेळापत्रक पत्रासोबत जोडलं आहे. वेळ किंवा जागा बदलली तर मी स्वतः कार्यालयात येऊन कळवीन. माझं नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी पाकिटात आहे, कृपया छापू नये.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर