पुण्याहून गाडी आणताना

न्यूर्नबर्ग, रविवार

ती. बाबांस शि. सा. न.

काल फोनवर तुम्ही अन् छोटू दोघंही एकदमच बोलत होते, नव्या गाडीबद्दलचं माझं म्हणणं राहूनच गेलं. म्हणून लिहून पाठवते. छोटूला मोठ्यानं वाचायला लावा, म्हणजे ‘मले कुठं सांगितलं’ म्हणायची सोय राहणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तोवर तुम्ही थांबले ते बरंच झालं. यवतमाळात पाहिजे ते मॉडेल नाही म्हणून पुण्याहून घ्यायची, तेही ठीक. पण यवतमाळच्या शोरूमवर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता येतं, पुण्याला भांडायला कोण जाणार? म्हणून जे पाहायचं ते नंबर पडायच्या आधी. एकदा आरटीओत नोंद झाली की दारावरचा ओरखडाही आपल्याच नावावर.

आम्ही आमची गाडी आणायला वोल्फ्सबुर्गला गेलो होतो, फोक्सवॅगनच्या कारखान्यालगत. तिथं ४८ मीटर उंच काचेचे दोन मनोरे आहेत, एकेकात ४०० गाड्या. आपली गाडी लिफ्टनं खाली येते, मीटरवर शून्य. नोंदणी मात्र आपल्या गावात आधीच झालेली असते अन् नंबरच्या पाट्या आपणच न्यायच्या. मी पाट्या पिशवीत घालून रेल्वेत बसले होते. समोरचे आजोबा पिशवीकडे बघून हसले, कुठं चाललो ते त्यांना बरोबर कळलं. तिथं नोंद आधी केली तरी चालतं, गाडी कारखान्यातून सरळ हातात येते. आपल्याकडे ती ट्रेलरवरून उतरते, मग यार्डात ऊन-पाऊस खात उभी राहते.

तर छोटूनं भर दिवसा, गाडी उघड्यावर काढायला लावून पाहावी. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चकाचक दिसतात. १७ अक्षरांचा चेसिस नंबर गाडीवर अन् फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावर, एकच आहे का, बनावटीचा महिना कोणता, हे आधी. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘३२२५’ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. एकच टायर वेगळ्या तारखेचा दिसला तर काहून ते विचारायचं. जॅक, स्टेपनी, दोन्ही चाव्या मोजून घ्यायच्या. बिलात ‘हँडलिंग चार्ज’ असा रकाना निघाला तर तो खोडायला सांगायचं, लाजायचं नाही. विमा थर्ड पार्टीचा तीन वर्षांचा लागतोच, त्यावरचा चेसिस नंबरही जुळवा.

नंबर यवतमाळचा, एमएच-२९ चाच घ्या. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंद करता येते, अन् पत्ता तर आपला दारव्ह्याचा. छोटूला पुण्याची एमएच-१२ ची पाटी लावून बसस्टँडवर मिरवायची हौस आहे, मला माहीत आहे. पक्क्या पाट्या अन् फास्टॅग लागल्याशिवाय गाडी शोरूमच्या बाहेर काढू नका.

आता रस्ता. शोरूमवाले म्हणतील, आमचा ड्रायव्हर पोचवून देतो. नको. नव्या इंजिनचे पहिले हजार किलोमीटर जपायचे असतात, अन् त्या ड्रायव्हरला फक्त परतीची बस दिसत असते. छोटू अन् काकाजी दोघं जाऊ द्या. टाकीत शोरूमवाले नावापुरतंच पेट्रोल ठेवतात, तेव्हा पहिला थांबा पंपावर. तिथंच हवा पाहून घ्यायची, दाब किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. मुक्काम संभाजीनगरला मावशीकडे, सकाळी समृद्धी महामार्गावर. तिथं १२० ची मुभा आहे म्हणून १२० वर काटा चिकटवून बसायचं नाही. डाव्या लेनमध्ये ऐंशी-नव्वद, मधूनमधून कमी-जास्त करत. तो रस्ता इतका सरळ आहे की डोळे उघडे असून माणूस झोपतो. सिंदखेडराजा, मेहकर, जिथं सोय दिसेल तिथं उतरून पाय मोकळे करा.

कारंज्याला खाली उतरलं की खरी काळजी. कारंजा–दारव्हा अंधारात नको म्हणजे नकोच. रोही, म्हणजे नीलगाय, कधी आडवा येईल सांगता येत नाही, रानडुकरं वेगळीच, अन् कापसाच्या बंडीला मागं दिवा नसतो. समृद्धीवर बंडी, ट्रॅक्टर, फटफटी काहीच येत नाही, दिवसभर तशी सवय झालेली असते, म्हणून गाव जवळ आल्यावरच घात होतो. उशीर झाला तर कारंज्यातच थांबा. गुरुमंदिराचं दर्शनही होईल, आई खूश.

आईला सांगा, चाकाखालचं लिंबू घरी आल्यावर. २०२५ मध्ये दिल्लीत लिंबू चिरडताना गाडी शोरूमच्या पहिल्या मजल्यावरून काच फोडून खाली पडली होती. अंगणात हळूच ठेवा, छोटूला रेस देऊ देऊ नका.

उरलेले पैसे भरायच्या आधी चेसिसच्या पाटीचा अन् चारही टायरांचा फोटो मला पाठवा. इथं रात्र असली तरी चालेल. अन् सोयाबीनचा चुकारा मिळाला का, तेही कळवा. अडत्यानं अजून लटकवलं असेल तर मी इथून पाठवते, त्यासाठी तूर विकू नका.

तुमची
मनू