मोजलेला श्वास आमच्या पुस्तकातही लिहा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘शिकाऊ पोरं आपल्यावर प्रयोग करतात,’ असं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या आमच्या एआरटी सेंटरच्या बाकावर अजूनही बोललं जातं. मीही तेच म्हणायचे.

माझं वय 51, शिवणकाम करते. 2006 पासून एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. आता टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, एकच गोळी रात्री घेते, रक्तातला विषाणू (व्हायरल लोड) तपासणीत सापडतही नाही. पण दम लागायचा. दोन ब्लाऊज शिवले की मशीनवरच मान टेकायची. पूर्वी दोनदा टीबी झालेला, म्हणून खोकला म्हटलं की थुंकी तपासायची. टीबी नाही निघाला की विषय संपला. ‘अशक्तपणा आहे, खात जा.’ अशी चार वर्षं गेली.

गेल्या वर्षी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना आहे, 1979 पासूनची. तिने त्यात आमच्यासारख्यांची फुप्फुसं हा विषय घेतला होता. संमतीपत्र तिने मराठीत वाचून दाखवलं, ओळीखाली बोट धरून. कागदावर नाव नाही, नंबर. ‘नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्या बंद होणार नाहीत,’ हे दोनदा सांगितलं. संमतीशिवाय आमच्यावर संशोधन करता येत नाही, असं एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदाच सांगतो, हे मला तेव्हा कळलं.

मग नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. ‘मावशी, जोरात! अजून, अजून, सोडू नका!’ तिसऱ्या फुंकेला ठसका लागला, तर ती कितीतरी वेळ माझी पाठ चोळत उभी होती. श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. जोर लावून सोडलेल्या श्वासातला किती भाग पहिल्याच सेकंदात बाहेर पडतो, ते मोजतात. माझा 58 टक्के भरला. 70 च्या खाली म्हणजे श्वासनळ्या अरुंद झालेल्या, सीओपीडी नावाचा फुप्फुसांचा जुनाट आजार. बिडीला मी आयुष्यात हात लावलेला नाही! चुलीचा धूर, टीबीचे व्रण आणि एचआयव्ही, तिन्हींनी फुप्फुसं झिजतात, असं छातीच्या डॉक्टरांनी समजावलं. पंप सुरू झाल्यापासून सलग शिवता येतं.

दोन महिने झाले, मुलीची परीक्षा आली, श्वास मोजायचं मशीन छातीच्या विभागात परत गेलं. राहिलेल्या बायका अजून विचारतात, ती कधी येणार? आणि फुंकलेल्यांपैकीही बऱ्याच जणींना आपला आकडा कळला नाही. तो अहवालात गेला. मला कळला, कारण मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारायला गेले. यात मुलीचा दोष नाही, तसं करायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वैद्यकीय महाविद्यालयांना माझी विनंती आहे, अशी मुलं दरवर्षी पाठवा. मात्र आकडा त्याच दिवशी आमच्या एआरटीच्या पुस्तकात लिहा, आणि ज्याचा कमी भरेल त्याच्या हातात छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी द्या. ते मशीन महिन्यातून एक दिवस तरी सेंटरवर आणा. गोळ्या न्यायला आम्ही येतोच.

आपली,
एक वाचक, सोलापूर जिल्हा
(कृपया नाव छापू नये)