विषय : बी विंगमधील मुंग्या आणि पुन्हा फवारणीचा ठराव

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

महोदय,

जूनमधल्या फवारणीनंतर आठवडाभर बरं गेलं. मग ओट्यावरची एक रांग गेली आणि ओट्यावर, बाथरूममध्ये, देवघरात अशा तीन रांगा आल्या. रविवारच्या मीटिंगमध्ये "१०२ मध्ये साखर सांडत असेल" असंही कानावर आलं. आमचा साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत उभा असतो, कधीही येऊन पाहा.

परवा रात्री बॅटरी घेऊन रांगेचा माग काढला. डोकं काळपट, मागचा भाग पांढुरका, अगदी बारीक मुंगी. चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो. रांग टाइलच्या फटीतून खिडकीच्या चौकटीत आणि तिथून ग्रिलला टेकलेल्या सोसायटीच्या जास्वंदीवर. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण माजलाय. तो जो गोड चिकटा सोडतो, त्यावर या मुंग्या जगतात. आमच्या घरात त्या वाटेवरची पाहुणी म्हणून येतात, इतकंच.

बाथरूमचं कारण वेगळं. डक्टमधल्या पाइपचा जॉइंट गळतोय, भिंत ओली आहे. पाणी आणि फट दोन्ही आयतं मिळतं. त्यात पावसाने कुंड्यांतली, मातीतली वारुळं भिजली की सगळा संसार वर सरकतो.

फवारणीने उलटंच होतं. या जातीच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. औषधाने समोरच्या मरतात, उरलेल्या एखादी राणी घेऊन दुसऱ्या फटीत बिऱ्हाड थाटतात. एकाच्या तीन रांगा झाल्या त्या बहुधा अशाच.

तेव्हा ठरावाचे पैसे प्लंबरला द्यावेत. फांदी ग्रिलपासून हातभर छाटावी, पिठ्या साबणाच्या पाण्याने धुवावा, जॉइंट दुरुस्त झाल्यावर फट सिमेंटने बुजवावी. मुंग्यांसाठी साखरपाण्यात जेमतेम एक टक्का बोरिक पावडर पुरे. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते. कमी असली की घरी नेऊन राणीला भरवते. आमिष मुलांच्या आणि तळमजल्यावरच्या मोतीच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवावं, आणि तेवढे दिवस कुणी रांगेवर स्प्रे मारू नये.

माळी बुधवारी येतो. फांदी दाखवायला मी सकाळी घरी आहे. शिडीची किल्ली तेवढी वॉचमनकडे ठेवायला सांगावी.

आपली विश्वासू,
सभासद, बी-१०२