बसवायला शिकवले, काढायला नाही

संपादक महोदय,

सांगलीत 22 वर्षे मी पार्लर चालवते. गेल्या महिन्यात एक नवरी मुलगी रडत आली. हळदीला चार दिवस उरलेले आणि दुसरीकडे हेअर एक्स्टेन्शन, म्हणजे केस लांब-दाट दिसावेत म्हणून जोडायचे जादा केस, बसवून घेतलेले. कानामागची कातडी लालबुंद, ते केस धरून ठेवणाऱ्या बारीक रिंगा थेट मुळाशी आवळलेल्या. पक्कड घेऊन एकेक उघडायला तीन तास लागले. रिंगेबरोबर तिचे स्वतःचे केसही हातात येत होते. बसवणारीकडे प्रमाणपत्र होते म्हणे, दोन दिवसांच्या कोर्सचे.

तसा कोर्स मीही केलाय, पुण्यात, 18 हजार भरून. वीस जणींत चार प्लास्टिकची डोकी. त्या डोक्याला ना घाम ना कोंडा, आणि ते ‘दुखतंय’ म्हणत नाही. काही एक्स्टेन्शन रिंगेऐवजी चिकट टेपने बसवतात; ती टेप सहा-आठ आठवड्यांनी सोडवून पुन्हा वर बसवावी लागते, कारण खालचे केस वाढतात. सोडवायचे द्रावण न लावता ओढली, तर केसही उपटून येतात. सततच्या ताणाने टक्कल पडते, त्याला डॉक्टर ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. यातले कोर्समध्ये काहीच नव्हते. बाळंतपणानंतर केस गळत असलेल्या बाईला ‘आत्ता नको’ म्हणायचे, हेही नाही. कसे सांगतील? बाजूच्याच टेबलावर कोर्सवाल्यांचेच केसांचे पुडे विकायला मांडले होते!

एका जिवंत डोक्यावर बसवून, दोन महिन्यांनी तेच नीट काढून दाखवल्याशिवाय कुणाला प्रमाणपत्र देऊ नये. गिऱ्हाइकांनीही पैसे देण्याआधी विचारावे, “काढता येतं का?”

– एक पार्लरचालक, सांगली