किमान पगाराचा राष्ट्रीय आकडा दरवर्षी वाढवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

लेबर कोडबद्दल, म्हणजे कामगारांच्या नव्या कायद्यांबद्दल, पेपरात बरंच छापून येतंय, पण त्यातली आमच्या पोटाशी लागणारी गोष्ट मागं पडलीय म्हणून लिहितोय. त्यातलीच पगाराची वेतन संहिता 2019 ला पास झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात केंद्र सरकारनं एक फ्लोअर वेज, म्हणजे पगाराचा सगळ्यात खालचा तळ, ठरवायचा आणि कुठल्याच राज्यानं त्याच्या खाली पगार ठरवायचा नाही, असं कलम आहे. चांगलं कलम आहे. पण आकडा किती आणि तो वाढणार कधी, सगळं तिथंच अडतंय.

कारण ह्याआधी पण राष्ट्रीय आकडा होताच की. 1996 ला 35 रुपये रोज असा सुरू झाला, पण तो नुसता सल्ला, राज्यांनी ऐकलं तर ऐकलं. सरकत सरकत 2017 ला 176 झाला आणि 2019 ला किती वाढवला, तर दोन रुपये, 178! त्याच वर्षी जानेवारीत सरकारनंच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं घरातली माणसं, जेवण, डाळ, दूध सगळ्याचा हिशोब घालून रोजचे 375 सांगितले होते, ते पण 2018 च्या भावानं. निम्मे सुद्धा दिले नाहीत. आज 178 रुपयात एक किलो तूरडाळ आणि अर्धा लिटर गोडेतेल घेतलं की संपलं, भाडं, पोरांची फी, दवाखाना कशातनं करायचं?

आमच्या सीमाभागात हे जास्त दिसतंय. 2025-26 ला रोजगार हमीची मजुरी कर्नाटकात 370 आणि महाराष्ट्रात 312 होती. म्हणजे खानापूरच्या माणसाला एक रेट आणि हद्दीपलीकडच्या चंदगडच्या माणसाला दुसरा, आणि बाजारहाटाला दोघं बेळगावलाच येणार. पण बघा, दोन्ही रेट त्या 178 च्या कितीतरी वर आहेत. ते का, तर रोजगार हमीचा रेट महागाईचा इंडेक्स बघून दर एप्रिलला बदलत आला, कमी का होईना पण हलला. राष्ट्रीय आकडा कुणीतरी आठवण काढेल तेव्हाच हलला. नव्या संहितेत सुद्धा किमान दर जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासायचे असं आहे आणि पाच वर्षं म्हणजे आमच्याकडं पाचच होतील ह्याची खात्री कोण देणार. मधल्या काळात महागाई भत्ता आहे म्हणतील, पण 2020 ला कर्नाटक सरकारनं कोरोनाचं कारण सांगून तोच एक वर्षासाठी पुढं ढकलला होता आणि कामगारांच्या बाजूनं हायकोर्टात जावं लागलं होतं.

साऊथ आफ्रिका काय श्रीमंत देश नाही, बेकारी आपल्यापेक्षा भयंकर. तिथं 2019 ला तासाला 20 रँड असा राष्ट्रीय किमान पगार आला, त्यासाठी वेगळं कमिशन आहे आणि दरवर्षी आकडा तपासला जातो, 2025 च्या मार्चपासून तो 28.79 रँड झाला. शेतमजूर आणि घरकामवाल्या बायकांना सुरुवातीला कमी होता, तो पण वाढवत वाढवत सगळ्यांच्या बरोबरीला आणला. त्यांना जमतंय तर आपल्याला का जमू नये?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार म्हणतात पगार वाढला की आम्ही बुडणार. त्यांची अडचण खोटी नाही, ऑर्डर रेटवर मिळते आणि शेजारचा स्वस्तात करून देतो. पण म्हणूनच सगळ्या देशाला एक तळ पाहिजे, म्हणजे मजुराचा पगार कापून कुणी ऑर्डर ओढणार नाही. आणि दरवर्षी थोडं थोडं वाढलं तर मालकाला पण हिशोब धरता येतोय, पाच-सात वर्षांनी एकदम मोठी वाढ आली की दोघांची भांडणं कोर्टात.

आता निपाणीकडच्या विडी कामगार बायकांचं. माझी चुलतबहीण तिकडंच विड्या वळते. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, मजुरी दर हजार विड्यांमागं. कंत्राटदार पानं कमी देतो, त्यातली फाटकी निघतात, मग पदरचे पैसे घालून पानं आणायची, आणि माल द्यायला गेलं की मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला. कागदावरचा रेट आणि हातात पडणारे पैसे ह्यांचा मेळच बसत नाही. सुप्रीम कोर्टानं 1982 लाच दिल्लीच्या एशियाड खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या केसमधे किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी असं सांगितलंय. मग रोजाचा आकडा ठरवताना एक बाई आठ तासात खरंच किती विड्या वळू शकते हे बसून मोजलं पाहिजे आणि हजाराचा रेट त्यावरनं काढला पाहिजे, नाहीतर फ्लोअर वेज तिच्या दारापर्यंत पोचणारच नाही.

आमच्या खासदारांनी संसदेत हे मांडावं. सत्पथी समितीचा आकडा आजच्या भावाला आणून तिथनं सुरुवात करा आणि दर 1 एप्रिलला इंडेक्सप्रमाणं आपोआप वाढेल असं नियमातच लिहा. आणि त्या वर्षीचा रेट प्रत्येक कारखान्याच्या गेटवर, विडीच्या प्रत्येक कंत्राटदाराच्या दारात कन्नडबरोबर मराठीत पण मोठ्या अक्षरात लावायला लेबर ऑफिसनं भाग पाडावं.

आपला,
एक कामगार वाचक, खानापूर, जि. बेळगाव