वादळात तुटलेली सर्व्हिस वायर कोणी दुरुस्त करायची?

प्रति,
माननीय ग्राहक सेवा अधिकारी,
वीज वितरण कंपनी

विषय : अंगणात पडलेली जिवंत सर्व्हिस वायर आणि दुरुस्तीच्या जबाबदारीवरून चाललेली टोलवाटोलवी

महोदय,

सोमवारी रात्रीच्या वादळात फाटकाबाहेरच्या झाडाची फांदी खांबावरून आमच्या घरी येणाऱ्या सर्व्हिस वायरवर पडली. त्या ओढीने भिंतीवरचा लोखंडी पाइप वाकला, क्लॅम्प विटेच्या तुकड्यासकट उपटला, मीटरची पेटी तिरकी झाली आणि वायरचे तुटलेले टोक अंगणात येऊन पडले. आज गुरुवार. घरात वीज नाही, पण माझी तक्रार अंधाराची नाही. तुमची माणसे भर पावसात खांबावर चढलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या कष्टांची मला जाणीव आहे.

तक्रार त्या वायरची आहे. सोमवारी रात्रीच फोन करून "वायर जमिनीवर पडली आहे" असे मी स्पष्ट सांगितले होते. तरी तक्रार नोंदली गेली ती नुसती "वीज नाही" अशी. लाइनमन मंगळवारी दुपारी आले. तेव्हा सगळ्या गल्लीचीच वीज बंद होती. त्यांनी टेस्टर लावला, करंट नाही म्हणाले, आणि "पाइप अन् पेटी तुमची, ती आधी नीट करून घ्या, मग वायर जोडतो" असे सांगून गेले. खांबावरची जोडणी त्यांनी काढली नाही. संध्याकाळी गल्लीत दिवे आले आणि त्याबरोबर अंगणातल्या वायरमध्येही करंट आला. हे आम्हाला कळले बुधवारी सकाळी, आम्ही बोलावलेल्या परवानाधारक वायरमनने तपासले तेव्हा. मधल्या रात्री माझा मुलगा त्याच अंगणातून दोनदा गेला होता. त्या विचाराने अजून माझी झोप उडते.

फ्यूज उडाला असेल, असे मानून आम्ही निर्धास्त होतो. वायरमनने समजावले की जमिनीवर पडलेल्या तारेतून मातीत जाणारा प्रवाह बऱ्याचदा फ्यूज वितळण्याइतका नसतो, म्हणून तार तासन्‌तास जिवंत राहू शकते. ही गोष्ट तुमच्या फोनवरच्या माणसांनी पहिल्याच रात्री सांगायला हवी होती. किमान १० मीटर लांब राहा, एवढे एक वाक्य पुरे होते.

वायरमनने कामाला नकार दिला आणि त्याचे म्हणणे मला पटते. घरातला मेन स्विच मीटरनंतर, घराच्या बाजूला आहे. तो बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतचा भाग जिवंतच राहतो. खांबावर चढण्याचा आणि मीटरचे सील काढण्याचा अधिकार त्याला नाही, तो तुमचा आहे. मी पुन्हा फोन केला तर उत्तर मिळाले, "वायरमनकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला आणा, मग माणूस पाठवतो." तुम्ही पुरवठा तोडल्याशिवाय तो पाइप बसवू शकत नाही आणि पाइप बसल्याशिवाय तुम्ही येत नाही. मग सुरुवात कोणी करायची?

पाइप, क्लॅम्प आणि पेटीचा खर्च माझा असेल तर तो करायला मी तयार आहे. मात्र खांबापासून भिंतीवरच्या जोडापर्यंतची वायर कोणाची, जोडापासून मीटरपर्यंतची केबल कोणाची, सील कोण काढणार आणि परत कोण लावणार, हे मला लेखी हवे आहे. तुमच्या दोन कर्मचाऱ्यांनी केबलबद्दल दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

हे पत्र मी स्वतः कार्यालयात आणून देत आहे. आजच्या आज खांबावरची जोडणी काढावी; लेखी उत्तर दोन दिवसांनी आले तरी चालेल. पुन्हा जोडताना न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) घट्ट बसला आहे का, हे तुमच्या माणसाने माझ्यासमोर तपासावे. आमचा पुरवठा थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांचा आहे. न्यूट्रल ढिला राहिला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज चढून उपकरणे जळतात, आणि मग ती कोणाची जबाबदारी यावरून आणखी एक पत्र लिहावे लागेल.

तुटलेल्या टोकाभोवतीची जागा दोरी बांधून आणि पाट्या लावून आम्ही आमच्या परीने अडवली आहे. पावसाचे ढग पुन्हा भरून आले आहेत. कृपया माणूस पाठवा.

आपली,
एक ग्राहक

सोबत : वायर, पाइप आणि मीटरच्या पेटीची छायाचित्रे